सायकॉलॉजीत डॉक्टर व्हायचंय? नाशिकहून निघण्याआधी

निकालांच्या दिवसांत माझ्या क्लिनिकबाहेर पेशंटांखेरीज आणखी एक छोटी रांग लागते. एम.ए. झालेली मुलगी, बरोबर बाबा, बाबांच्या हातात प्लास्टिकची फाइल. बोलतात बाबाच. "मॅडम, हिला सायकॉलॉजीत डॉक्टरेट करायचीय. म्हणजे मग ही स्वतःचं क्लिनिक टाकू शकेल ना?"

नाही टाकू शकणार. निदान त्या एका पदवीच्या जोरावर तरी नाही. पुढचं सगळं या 'नाही'चं स्पष्टीकरण आहे. दर वर्षी तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आधी ठरवा : कोणतं दार?

आपल्याकडे दोन दारं आहेत आणि ती वेगवेगळ्या इमारतींत आहेत. एक दार विद्यापीठाचं. तिथून पीएच.डी. मिळते, नावाआधी 'डॉ.' लागतं, प्राध्यापकी आणि संशोधनाची वाट खुली होते. दुसरं दार भारतीय पुनर्वास परिषदेचं, म्हणजे आरसीआयचं. १९९२च्या कायद्याने ही परिषद आली आणि तिच्याकडे एक केंद्रीय नोंदवही असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर त्या वहीत तुमचं नाव आणि नंबर लागतो. नोंदणी नसताना हे काम केलं तर त्याच कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दंडाची रक्कम वाचून हसू येतं, कैदेचं कलम वाचून येत नाही.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' कोण हे लिहून ठेवलंय. आरसीआयने मान्य केलेल्या संस्थेतली या विषयाची पात्रता हवी, किंवा मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखालच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासह पूर्णवेळ दोन वर्षांचं एम.फिल. हवं. या व्याख्येत पीएच.डी. कुठेही नाही. पाच वर्षं नमुने गोळा करून, आकडेमोड करून, जाडजूड प्रबंध लिहून झाला तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही पेशंट तपासायला शिकलेले नसता. आणि खरं सांगायचं तर शिकलेले नसताच.

मग गोंधळ होतो कुठे? इंटरनेटवर. मुलं अमेरिकेतली माहिती वाचतात. तिकडच्या क्लिनिकल किंवा कौन्सेलिंग सायकॉलॉजीच्या पीएच.डी.मध्ये प्रत्यक्ष पेशंट, देखरेख आणि शेवटी वर्षभराची इंटर्नशिप हे सगळं येतं. १९४९ साली बोल्डरच्या परिषदेत त्यांनी ठरवलं की या माणसाने संशोधकही व्हायचं आणि उपचारकही. पुढे संशोधनाचा भार कमी करून उपचारावर भर देणारी साय.डी. ही पदवी आली आणि १९७३ साली व्हेल गावी झालेल्या परिषदेने तिला बळ दिलं. आपली पीएच.डी. या दोन्हींहून निराळी आहे. नाव एकच, घराणी वेगळी.

क्लिनिकल आणि कौन्सेलिंग यांतला फरकही इथेच सांगते. ढोबळमानाने, आजाराचं निदान, मानसिक चाचण्या आणि गंभीर विकारांवरची थेरपी हे क्लिनिकलचं क्षेत्र. नात्यांतले ताण, करिअर, परीक्षा, दुःख, जुळवून घेणं हे कौन्सेलिंगचं. प्रत्यक्षात खुर्चीत बसलेला माणूस ही विभागणी वाचून येत नाही. परीक्षेच्या ताणाची म्हणून आलेली मुलगी तिसऱ्या भेटीत हातावरच्या जखमा दाखवते. कौन्सेलरसाठी आज आरसीआयसारखी नोंदवही नाही, पण २०२१च्या सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने वर्तनविषयक आरोग्याचे व्यावसायिक आपल्या कक्षेत घेतले आहेत. कौन्सेलिंगच करायचं असेल तर खुशाल करा. फक्त पाटीवर 'क्लिनिकल' हा शब्द लिहू नका, आणि कुठे थांबून पेशंटला पुढे पाठवायचं ते शिकून घ्या.

एम.ए. : इथे चुकलात तर पुढे सगळं अडतं

रेग्युलर एम.ए. करा. आपल्या गावात गंगापूर धरणाजवळ मुक्त विद्यापीठ आहे, घरबसल्या शिकण्याची सवय नाशिकला चांगलीच आहे आणि एरवी मी त्याच्या बाजूची आहे. या विषयात नाही. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली आहे. कोणी अजूनही 'ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजी, मर्यादित जागा' अशी जाहिरात पाठवली तर डिलीट करा.

गुण किमान ५५ टक्के. ५४.६ घेऊन माझ्यासमोर रडलेली मुलं मी पाहिली आहेत. आरक्षित प्रवर्गांना पीएच.डी.साठी ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची ऑनर्स पदवी ७५ टक्क्यांनी केली तर एम.ए.शिवायही पीएच.डी.ला अर्ज करता येतो, असा नवा नियम आहे. तो ऐकून घाई करू नका. त्याने पहिलं दार लवकर उघडतं, दुसरं नाही.

एम.ए.च्या दोन वर्षांत पुस्तकांपलीकडे एक गोष्ट करा : कुठेतरी जाऊन बसा. विशेष मुलांची शाळा, व्यसनमुक्ती केंद्र, वृद्धाश्रम, काहीही चालेल. फाइली उचला, चहा द्या, पण माणसं बघा. पुढच्या मुलाखतीत तुम्ही खरा माणूस पाहिलाय की नाही, हे पाच मिनिटांत कळतं.

एम.फिल. गेलं, मग आता काय?

आमच्या काळी वाट सरळ होती : एम.ए., मग आरसीआयमान्य संस्थेत दोन वर्षांचं एम.फिल., मग नोंदणी. नव्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने नोव्हेंबर २०२२च्या नियमांत एम.फिल. बंद केलं. डिसेंबर २०२३मध्ये 'कोणीही एम.फिल.ला प्रवेश घेऊ नये' असं पत्रक निघालं आणि आमच्या क्षेत्रात घबराट उडाली, कारण देशात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तयार होण्याचा मुख्य रस्ता तोच होता. जानेवारी २०२४मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोनच विषयांपुरती २०२५-२६पर्यंत मुदतवाढ मिळाली. दरम्यान आरसीआयने नवे अभ्यासक्रम आणले : क्लिनिकल सायकॉलॉजीतली ऑनर्स पदवी, त्यातलंच एम.ए., आणि साय.डी. तेव्हा डॉक्टरेटही हवी आणि पेशंटही बघायचे आहेत, असं असेल तर आज तुम्ही शोधायची पदवी साय.डी. आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. फी भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर जाऊन मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडा. यादीत चार गोष्टी बघा : संस्थेचं नाव, नेमक्या अभ्यासक्रमाचं नाव, मान्यता कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आहे, आणि जागा किती. संस्था मान्य असते पण तो अभ्यासक्रम मान्य नसतो, असं होतं. अभ्यासक्रम मान्य असतो पण मान्यता गेल्या वर्षी संपलेली असते, असंही होतं.

हे मी ठेच लागून शिकले. एम.ए.नंतर एका संस्थेच्या ऑफिसात मी डिमांड ड्राफ्ट घेऊन बसले होते. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "मान्यता प्रोसेसमध्ये आहे, तुमची बॅच बाहेर पडेपर्यंत येऊन जाईल." ड्राफ्ट मी परत पर्समध्ये टाकला, तो धैर्याने नाही, बाबा बाहेर रिक्षात थांबले होते आणि त्यांना विचारल्याशिवाय पैसे द्यायची हिंमत नव्हती. बाबांनी एकच विचारलं, "आणि नाही आली तर?" माझ्या ओळखीतल्या दोघी तिथेच राहिल्या. त्यांची दोन वर्षं गेली.

प्रवेश आणि घर सोडणं

बेंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी आणि रिनपास, तेजपूरची संस्था, दिल्लीचं इहबास ही या क्षेत्रातली जुनी, नावाजलेली ठिकाणं. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबईकडे बघावं लागतं. प्रत्येकाची जाहिरात, परीक्षा आणि तारखा वेगळ्या, म्हणून एक वही करून महिन्याला एकदा सगळी संकेतस्थळं तपासत राहा. जागा हाताच्या बोटांवर मोजाव्या अशा असतात. एका संस्थेवर जीव टाकू नका.

नाशिककरांचा एक ठरलेला प्रश्न : "इथेच नाही का होणार? आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर म्हसरूळलाच आहे." विद्यापीठाचं मुख्यालय तिथे आहे, पण प्रशिक्षण वॉर्डात होतं, ज्या रुग्णालयात मान्यता आणि जागा आहे तिथे जावं लागतं. आणि अपडाउनचा विचार डोक्यातून काढा. पंचवटी एक्सप्रेसने वर्षानुवर्षं मुंबईला नोकरी करणारी माणसं आपल्याकडे आहेत, त्यांना माझा दंडवत. पण सकाळच्या वॉर्ड राउंडपासून रात्रीच्या इमर्जन्सीपर्यंतचं काम गाडीच्या टाइमटेबलवर होत नाही. पुण्याचंही तेच, रस्त्याने दोनशेच्या वर किलोमीटर.

मुलाखतीत व्याख्या कमी विचारतात, केस जास्त. "तेवीस वर्षांचा मुलगा, तीन महिन्यांपासून झोप नाही, शेजारी आपल्याबद्दल बोलतात म्हणतो. काय काय विचाराल?" लगेच निदान सांगणारा मुलगा तिथेच मागे पडतो. कधीपासून, आधी कसा होता, नशा, ताप, डोक्याला मार, घरात कोणाला असं काही, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार : हा क्रम अंगवळणी पडलेला हवा.

प्रशिक्षणाची वर्षं

इथे जरा रेंगाळणार आहे, कारण याबद्दल कोणी आधी सांगत नाही.

पहिले काही महिने तुम्ही फक्त हिस्टरी, म्हणजे पेशंटची आणि आजाराची सगळी पूर्वकथा, घेता आणि ती चुकते. दीड तास बोलून, आठ पानं लिहून तुम्ही सुपरवायझरसमोर उभे राहता आणि ते विचारतात, "बायको माहेरी कधी गेली? आजाराआधी की नंतर?" तुम्ही विचारलेलंच नसतं. परत वॉर्डात. जुन्या एम.फिल.मध्ये पहिल्या वर्षी ५ संपूर्ण सायकोडायग्नॉस्टिक (चाचण्यांसह निदानाचे) रेकॉर्ड आणि दुसऱ्या वर्षी ५ थेरपीचे रेकॉर्ड सादर करावे लागत. पाच हा आकडा किरकोळ वाटतो. एकेक रेकॉर्ड मी चार-चार वेळा लिहिलंय.

चाचण्या शिकाल त्यात बुद्धिमापनाची बिने-कामत असेल. कामतांनी बिनेच्या चाचणीला मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूप दिलं, आपल्या भाषेतलं ते फार जुनं काम. नागपूरला मालिन यांनी वेक्सलरच्या मुलांसाठीच्या चाचणीचं भारतीय रूप केलं, तेही वापराल. चाचणी देणं आठवड्यात येतं. आकड्याचा अर्थ लावायला वर्षं लागतात. सुरगाण्याच्या आश्रमशाळेतल्या मुलाचा बुद्ध्यांक कमी आला, तर तो मुलाचा की प्रश्नातल्या शब्दांचा? हे चाचणीच्या पुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

आणि भाषा. तुम्ही सगळं इंग्रजीत शिकाल आणि परत आल्यावर एकही पेशंट इंग्रजीत आजारी पडणार नाही. "मला डिप्रेशन आलंय" म्हणणारे कॉलेज रोडवर भेटतात. निफाडची बाई म्हणते, "कशातच मन लागत नाही, जीव नुसता वरवर होतो, डोकं जड पडतं." कोणी म्हणतं, "काळजात धस्स होतं." मालेगाव-सटाण्याकडची आजी अहिराणीत सुरू झाली की तिच्या नातवाला दुभाषा करावं लागतं, आणि नातवासमोर आजी सुनेबद्दल काही बोलत नाही. मग दुभाषा बदला. शिकतानाच एक वही ठेवा : पेशंटने वापरलेला शब्द डावीकडे, तुम्हाला शिकवलेली संज्ञा उजवीकडे. डावी बाजू कायम जास्त भरते.

'बाहेरचं' हा शब्द तुम्ही ऐकणारच. "मॅडम, हिला बाहेरचं झालंय, दोन ठिकाणी दाखवून आलो." यावर अंधश्रद्धेचं व्याख्यान दिलंत तर पुढच्या भेटीला माणूस येत नाही. कुठे दाखवलं, त्यांनी काय सांगितलं, फरक पडला का, मारहाण किंवा उपाशी ठेवणं झालं का, हे नीट विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर लगेच मध्ये पडायचं. बाकीच्यासाठी धीर धरा.

देखरेख म्हणजे सुपरव्हिजन. संस्था निवडताना इमारत बघू नका, सुपरवायझर आठवड्याला किती वेळ देतात ते सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारा. आणि जमलं तर स्वतः थेरपी घ्या. मला दुसऱ्या वर्षी कळलं की दारू पिणाऱ्या प्रत्येक पेशंटवर मी मनातून चिडते. कारण घरचंच होतं.

पीएच.डी. : करायचीच असेल तर

नोंदणी झाल्यावर पीएच.डी. केली तर ती सोन्याहून पिवळी. आता नियम.

प्रवेशासाठी नेट, म्हणजे यूजीसीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्रात. २०२४पासून नेटच्या निकालात तीन गट असतात : जेआरएफसह (म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसह), सहायक प्राध्यापक व पीएच.डी., आणि फक्त पीएच.डी. मागच्या दोन गटांचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात आणि त्यांच्या निवडीत परीक्षेला ७० व मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. नाशिकची महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात, त्यामुळे तिथल्या पीएच.डी. प्रवेशाच्या सूचनांवर डोळा ठेवा.

मुदत किमान ३ वर्षं, कमाल ६, त्यावर २ वर्षांची वाढ मिळू शकते. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षांची सवलत आहे, शिवाय पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत बाळंतपण-बालसंगोपन रजा. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं.

पैशाचं : जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. नाही मिळाली तर प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपा बघा. जाहिरात अचानक येते, मुदत छोटी असते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नोंदणीचं पत्र स्कॅन करून तयारच ठेवा.

गाइड. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४ इतकेच विद्यार्थी असू शकतात. म्हणून पहिला प्रश्न, "सर, जागा आहे का?" दुसरा प्रश्न सरांना विचारायचा नाही, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारायचा : मसुदा दिल्यावर किती दिवसांत परत येतो? आठवडा म्हणाले तर पाय धरा. सहा महिने म्हणाले तर नमस्कार करून निघा.

विषय आपल्या मातीतला घ्या. 'किशोरवयीनांमधील ताण व समायोजन' हे शीर्षक शोधगंगेवर, म्हणजे देशातले प्रबंध ठेवलेल्या संकेतस्थळावर, शोधून बघा, मग मी काय म्हणते ते कळेल. त्यापेक्षा गारपीट झालेल्या हंगामानंतर दिंडोरीतल्या द्राक्ष बागायतदारांच्या घरातली झोप, सातपूर-अंबडच्या पाळ्यांत काम करणाऱ्यांची चिडचिड, सिंहस्थात दिवसरात्र बंदोबस्ताला उभ्या राहणाऱ्या पोलिसांचा थकवा. असे विषय इथल्या माणसालाच सुचतात, आणि त्या घरांत तुम्हाला पाणी विचारलं जातं.

मोजपट्टी, म्हणजे अभ्यासात वापरायची प्रश्नावली, इंग्रजीतली असेल तर आधी मूळ हक्कदारांची परवानगी काढा, मग मराठीत भाषांतर, मग मूळ न पाहिलेल्या माणसाकडून परत इंग्रजीत, मग दोन्ही समोरासमोर, मग थोड्या लोकांवर चाचपणी. यालाच वर्ष जातं, वेळापत्रकात धरा. माणसांवरचा अभ्यास म्हणजे नैतिकता समितीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधी हवी. नंतर मागून मिळत नाही. अठराखालच्या मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही. प्रश्नावलीत आत्महत्येविषयी एक जरी प्रश्न असेल तर 'हो' म्हणणाऱ्या माणसाचं त्याच दिवशी काय करणार, ते आधी लिहून ठेवा. प्रबंधाचं इतरांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांच्या आत.

परदेशाची वाट

थोडक्यात. अमेरिकेत एपीए या तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम घ्या. तिकडे पीएच.डी.ला बहुधा पैसे मिळतात, साय.डी.ला बहुधा भरावे लागतात, आणि पदवीनंतरही त्या त्या राज्याचा परवाना व ईपीपीपी ही परीक्षा असतेच. ब्रिटनमधली क्लिनिकल डॉक्टरेट तीन वर्षांची असते आणि एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या पैशांवर चालणाऱ्या जागा मुख्यतः तिथल्याच रहिवाशांसाठी असतात. परत यायचं मनात असेल तर आजच लक्षात ठेवा : तिकडची पदवी इथल्या नोंदवहीत आपोआप चढत नाही.

परत नाशिकला

नोंदणीचं प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नव्याने करावं लागतं आणि त्यासाठी मान्यताप्राप्त कार्यशाळांना हजेरी लावून गुण जमवावे लागतात. आळस करू नका, शेवटच्या महिन्यात गुण जमवताना दमछाक होते.

पाटीवर नाव, पदवी, नोंदणी क्रमांक. पीएच.डी. असेल तर 'डॉ.' लिहा, पण पहिल्याच भेटीत पेशंटला सांगा की मी गोळ्या देत नाही. औषधाची गरज दिसली की पाठवायला दोन तरी सायकियाट्रिस्ट ओळखीचे हवेत, आणि त्यांना तुमचा रिपोर्ट वाचून काही कळायला हवं. नोकरी हवी असेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद असतं. सिव्हिल हॉस्पिटलच्या जाहिराती बघत राहा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर प्रत्येक पेशंटच्या फोनमध्ये पहिल्या दिवशी टाकून द्या. तुमचं क्लिनिक रात्री बंद असतं.

शेवटचा मुद्दा गुप्ततेचा. २०१७च्या कायद्याच्या २३व्या कलमात तो हक्क म्हणून आहे, पण नाशिक अजून तेवढं मोठं झालेलं नाही. पेशंटची मावशी तुमच्या आईच्या भिशीत निघते. गोदाकाठी, लग्नात, भाजी घेताना पेशंट समोर येणारच. माझा नियम मी पहिल्याच भेटीत सांगते : बाहेर भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तर हसेन. आणि वेटिंग रूममधल्या खुर्च्या समोरासमोर मांडू नका.